टॉम, जेरी आणि दोन चित्रांमधला वेळ

टॉम अँड जेरीच्या चाहत्यांचं बोलणं थोड्याच वेळात एका वाक्यावर येऊन थांबतं: जुने भाग भारी होते, नंतर सगळं बिघडलं. वाक्य खोटं नाही, पण अर्धवट आहे. जुने म्हणजे १९४४ चे की १९५७ चे? बिघडलं म्हणजे चित्रं बिघडली, गोष्टी बिघडल्या की आवाज? माझं म्हणणं असं की सगळ्यात आधी बिघडला तो वेळ. टॉम कुठल्या क्षणी थांबतो, किती थांबतो आणि मग किती झटक्यात उडतो, हा हिशोब. तो मांडायला कुणाच्या हातात किती दिवस आणि किती पैसे होते, यावर पुढचं सगळं ठरत गेलं.

आपल्याकडे हा वाद जरा वेगळ्या रीतीने सुरू झाला. १९९५ मध्ये कार्टून नेटवर्क भारतात आलं. दिवसा कार्टून आणि रात्री त्याच जागी टीएनटी या वाहिनीचे जुने इंग्रजी सिनेमे, अशी वाटणी होती. टॉम अँड जेरीचे भाग सालवार लागत नसत. १९४४ चा भाग संपला की १९६२ चा, त्यामागून १९६५ चा. त्यामुळे केबलवर वाढलेली पिढी हे कालखंड सालांवरून नाही, खुणांवरून ओळखायला शिकली. 'गुबगुबीत टॉमचे', 'ते विचित्र आवाजाचे', 'जाड भुवयांचे' ही पोरांनीच पाडलेली वर्गवारी होती, आणि अभ्यासकांच्या वर्गवारीशी ती जवळजवळ तंतोतंत जुळते. संवाद जवळपास नाहीतच, त्यामुळे इंग्रजी येणं-न येणं आड आलं नाही. डोळे आणि कान एवढ्याच भांडवलावर मुलांनी दर्जातला फरक पकडला होता. तो फरक कुठून येतो हे मात्र भाग उलगडून पाहिल्याशिवाय कळत नाही.

पहिला भाग 'पुस गेट्स द बूट' १० फेब्रुवारी १९४० ला आला. एमजीएम या हॉलिवूडच्या स्टुडिओचा कॅलिफोर्नियातल्या कल्व्हर सिटीमधला कार्टून विभाग, आणि विल्यम हॅना व जोसेफ बार्बेरा हे दोन तरुण दिग्दर्शक. मांजराचं नाव तेव्हा जॅस्पर होतं. दोघांची आजची नावं नंतर स्टुडिओतच घेतलेल्या स्पर्धेतून आली. जॉन कार या ॲनिमेटरने ती सुचवली आणि ५० डॉलर जिंकले. या पहिल्या भागातला मांजर आज पाहिला तर ओळखू येत नाही. चार पायांवर चालणारा, अंगभर केस, कपाळावर आठ्या, गालांवर झुपके. दिसायला देखणा, पण काढायला महाग. प्रत्येक केसाची रेघ हजारो वेळा काढावी लागते, आणि एका चित्रातून दुसऱ्यात जाताना ती रेघ जराशी जरी हलली तरी पडद्यावर सगळं अंग थरथरतं. पुढच्या तीन-चार वर्षांत टॉमच्या अंगावरच्या रेघा कमी होत गेल्या, तो दोन पायांवर आला, चेहरा मोकळा झाला. इथे साधेपणा आला म्हणून दर्जा घसरला नाही, उलट वाढला. वाचलेली मेहनत हालचालीत गेली. जेरी मात्र पहिल्यापासूनच गोल डोकं, गोल कान, गोल पोट असा असल्यामुळे त्याला फारसं बदलावं लागलं नाही.

कामाची वाटणी ठरलेली होती. बार्बेरा भराभर चित्रं काढत, कथा आणि गॅग, म्हणजे विनोदाचे प्रसंग, त्यांचे. हॅना वेळ बांधत. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेम पळतो. सात मिनिटांचा भाग म्हणजे १० हजार ८० फ्रेम. एकेक चित्र दोन-दोन फ्रेम धरलं तर सेकंदाला १२ चित्रं लागतात. झपाट्याच्या हालचालीत प्रत्येक फ्रेमला नवं चित्र. चित्र सेलवर, म्हणजे पारदर्शक पत्र्यावर, उतरवतात. टॉमची सेल वेगळी, जेरीची वेगळी, म्हणजे दोघं एकत्र पळत असले की आकडा दुप्पट. हे सगळं एक्स्पोजर शीट नावाच्या उभ्या तक्त्यावर आधी लिहिलं जातं: कुठलं चित्र कितव्या फ्रेमला येणार, किती फ्रेम टिकणार. ॲनिमेटर पेन्सिल उचलायच्या आधीच विनोदाचं टायमिंग त्या कागदावर ठरलेलं असतं. हॅनांची खरी कला या कागदावर होती.

एक साधा गॅग घेऊ. टॉम धावत येतो, जेरी कोपऱ्यामागून तवा पुढे करतो. यात पाच टप्पे आहेत. धावण्यापूर्वी टॉम किंचित मागे ओढला जातो, धनुष्य ताणल्यासारखा. ॲनिमेटर याला अँटिसिपेशन म्हणतात. मग सूर मारल्यासारखी धाव, तिथे दोन-तीन फ्रेममध्येच अंग लांबट, पुसट ओढून काढलेलं असतं. मग आदळण्याची एक फ्रेम. मग तव्याच्या आकाराचं झालेलं तोंड, आणि इथे थांबायचं. नजरेला ते चित्र वाचायला साधारण आठ ते बारा फ्रेम लागतात, म्हणजे अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त नाही. कमी थांबलात तर काय झालं ते कळत नाही, जास्त थांबलात तर हसू थंडावतं. शेवटी टॉम प्रेक्षकाकडे बघतो, आणि मग किंकाळी. ती किंकाळी हॅनांच्या स्वतःच्या गळ्यातली आहे.

आता हाच गॅग बिघडवायचा असेल तर फार काही करावं लागत नाही. मधली चित्रं समान अंतरावर काढा, बस. सुरुवातीला ओढ नाही, मध्ये झपाटा नाही, शेवटी थांबा नाही. टॉम पाण्याखाली चालल्यासारखा तरंगत तव्यापर्यंत येतो. चित्रं तितकीच सुबक, तवा तोच, पण फटका लागत नाही. स्वस्तात केलेल्या पुढच्या बहुतेक मालिकांत नेमकं हेच दिसतं, आणि आपण म्हणतो, 'पूर्वीसारखी मजा नाही.'

संगीत या हिशोबाच्या आतच होतं. हॅना प्रसंगाची गती ठोक्यांत ठरवत. एक ठोका १२ फ्रेमचा धरला तर मिनिटाला १२० ठोके होतात. ८ फ्रेमचा धरला तर १८०. टॉम चोरपावलांनी येतो तो एका लयीत आणि पळतो तो दुसऱ्या. संगीतकार स्कॉट ब्रॅडली या ठोक्यांवर रचना बांधत आणि एमजीएमचा वाद्यवृंद ती वाजवत असे. आपल्याकडे मध्यलयीतून द्रुत लयीत जावं आणि फटका नेमका समेवर पडावा, तसं. ब्रॅडली हे निव्वळ 'धडाम-फटाक' संगीत करणारे नव्हते. 'पुटिन ऑन द डॉग' (१९४४) मध्ये त्यांनी बाराही सुरांना सारखंच स्थान देणारी बारा-स्वरी रचनापद्धती वापरली, जी त्या काळी मैफिलीतल्या श्रोत्यांनाही जड जात होती. उंदीर एका कुत्र्याच्या डोक्याच्या मुखवट्याखाली पळतोय आणि मागे ते संगीत वाजतंय, आणि मूल मजेत ऐकतंय.

सगळे धागे एकत्र बघायचे तर 'द कॅट कॉन्सर्टो' (१९४७) पाहावा. टॉम काळा टेलकोट घालून पियानोवर बसतो, संगीतकार लिस्टची दुसरी हंगेरियन ऱ्हॅप्सडी वाजवायला घेतो. जेरी पियानोच्या आत हातोड्यांवर झोपलेला. भाग पाहताना नजर टॉमच्या बोटांवर ठेवावी. ती कुठेही, कशीही नाचत नाहीत. ऐकू येणारे सूर ज्या पट्ट्यांवर आहेत तिकडेच ती जातात. टॉमच्या हाताला अंगठा धरून चारच बोटं, तरीही. इथे संगीत आधी ठरलेलं, म्हणून चित्रांना फ्रेमगणिक त्याच्यामागे जावं लागलं. आणि गंमत अशी की टॉम जेरीला चिरडायला बघतो तेव्हाही वाजवणं थांबवत नाही. त्याची अब्रू पणाला लागली आहे, समोर प्रेक्षक आहेत. राग, लाज आणि लय तिन्ही एकाच वेळी सांभाळणारा तो चेहरा हा या मालिकेतला सर्वोत्तम अभिनय आहे, असं मी बिनदिक्कत म्हणेन. शेवटी दमून पडलेला टॉम, आणि प्रकाशझोत जेरीवर.

या काळाला सात ऑस्कर मिळाले, १३ नामांकनांतून. 'यांकी डूडल माउस' (१९४३) पहिला, 'योहान माउस' शेवटचा. बाहुल्या स्वीकारायला मंचावर जात ते निर्माते फ्रेड क्विम्बी. तक्त्यावर फ्रेम मोजणारे खालीच बसलेले असत.

त्याच स्टुडिओत १९४० च्या दशकात दिग्दर्शक टेक्स एव्हरी आले आणि शेजारच्या खोलीतल्या त्यांच्या सुसाट कार्टूनांची हवा हॅना-बार्बेरांनाही लागली. १९४१ चा 'द मिडनाइट स्नॅक' आणि १९४४ चा 'माउस ट्रबल' लागोपाठ लावले तर गती जवळजवळ दुप्पट झाल्यासारखी वाटते. 'माउस ट्रबल'मध्ये टॉम उंदीर पकडण्याचं पुस्तक मागवतो, पानामागून पान सल्ला पाळतो आणि दर पानाला मार खातो. अर्ध्यावरून पुढे त्याच्या डोक्यावर एक टोप बसतो, कारण बंदुकीने टाळूवरचे केस गेलेत. तो टोप कुणी समजावून सांगत नाही. पुढच्या प्रत्येक प्रसंगात तो तिथे असतो, एवढंच. आधीचा मार पुढच्या प्रसंगात शिल्लक राहतो, हे मला फार मोलाचं वाटतं. एरवी कार्टूनमध्ये प्रत्येक प्रसंगाला अंग कोरं होऊन येतं.

पक्के चाहते तर या भागांतले ॲनिमेटरांचे हातही ओळखतात. आयर्विन स्पेन्सचा टॉम जास्त ताणला जातो, दात आणि डोळे बाहेर येतात. केनेथ म्यूसचा टॉम गोलसर, जड, जमिनीवर घट्ट. एकाच भागात प्रसंग बदलला की टॉमचं अंग किंचित बदलतं, आणि सवय झाली की ते न दिसणंच अवघड होतं.

आता घसरण. बहुतेकजण ती १९६१ पासून मोजतात. मी ती १९५५ च्या आसपास मोजतो, आणि तेव्हा खुर्चीत तेच दोघे होते.

टीव्हीमुळे थिएटरं ओस पडू लागली, म्हणून स्टुडिओंनी पडदा रुंद केला. १९५४ च्या 'पेट पीव्ह'पासून टॉम अँड जेरी सिनेमास्कोपमध्ये यायला लागले. जुन्या चौकटीत रुंदी उंचीच्या साधारण १.३७ पट होती, सिनेमास्कोपमध्ये अडीच पटीच्या आसपास. ही चौकट डोंगर, वाळवंट, सैन्य यांच्यासाठी ठीक. पण टॉम आणि जेरीचा सगळा संसार एका स्वयंपाकघरात, कपाटाखाली, भिंतीतल्या बिळाशी. रुंद चौकटीत एक तर दोघं लहान दिसतात, किंवा दोघांच्या मध्ये रिकामी भिंत पसरते. भिंत जास्त रंगवायची म्हणजे खर्च, म्हणून पार्श्वभूमी सपाट झाली. पूर्वीच्या लाकडी जिन्याचे कठडे, फरशीवरची चमक, खिडकीतून पडणारा उजेड गेला. रंगाचे पट्टे आणि चार रेघा उरल्या. पात्रांभोवतीची शाईची रेघ जाड झाली.

हे शब्दांत पटवण्यापेक्षा दाखवता येतं, कारण स्टुडिओने स्वतःच त्याचा पुरावा करून ठेवला आहे. पैसे वाचवायला त्यांनी आपलेच तीन जुने भाग सिनेमास्कोपमध्ये पुन्हा काढले. 'हॅच अप युअर ट्रबल्स' (१९४९) चा 'द एग अँड जेरी' (१९५६), 'लव्ह दॅट पप' (१९४९) चा 'टॉप्स विथ पॉप्स' (१९५७), आणि ऑस्कर मिळालेल्या 'द लिटल ऑर्फन' (१९४९) चा 'फीडिन द किडी' (१९५७). ॲनिमेशन जुनंच, रेघा नव्याने शाईत ओढलेल्या, पार्श्वभूमी नवी. जोड्या शेजारी-शेजारी लावून पाहाव्यात.

'द लिटल ऑर्फन'मध्ये छोटा भुकेला उंदीर मेजवानीच्या टेबलावर सोडला जातो. तो अख्खं संत्रं गिळतो आणि संत्र्याच्या आकाराचा होतो. जेरी त्याच्या पाठीत सुरी आपटतो, संत्रं उडतं आणि झोपलेल्या टॉमच्या तोंडात जाऊन बसतं. जुन्या भागात हे टेबल दाटीवाटीचं आहे. भांड्यांच्या काचेवर उजेड आहे, उंदरांपुढे प्रत्येक वस्तू डोंगराएवढी आहे, आणि संत्र्याला वजन आहे. नव्या भागात तोच उंदीर, तीच सुरी. पण आजूबाजूला मोकळी जागा पसरली आहे, रंग चपटे आहेत, जाड रेघेमुळे अंग कागदातून कापून चिकटवल्यासारखं दिसतं. संत्रं उडतं तेव्हा ते जड वस्तूसारखं न उडता चेंडूच्या चित्रासारखं सरकतं. टायमिंग तेच असूनही फटका हलका पडला, कारण वजन पार्श्वभूमीतून येत होतं. वेळ आणि वजन एकमेकांशिवाय चालत नाहीत, हे या जोडीइतकं स्वच्छ मला दुसरीकडे कुठेच दिसलेलं नाही.

याच भागांचं आणखी एक दुर्दैव. टीव्हीच्या ४:३ चौकटीत बसवताना सिनेमास्कोपच्या दोन्ही कडा कापल्या गेल्या. त्यामुळे एका टोकाला टॉम आणि दुसऱ्या टोकाला जेरी असला की पडद्यावर एक शेपूट आणि एक कान उरतो. केबलवर या भागांबद्दल वाईट मत झालं असेल, तर निम्मा दोष त्या कापाकापीचा. रुंद प्रत मिळाली तरच त्यांच्याबद्दल बोलावं.

१९५७ मध्ये एमजीएमने कार्टून विभाग बंद केला. जुने भाग पुन्हा थिएटरात लावले तरी नव्यांच्या जवळपास कमाई होते, मग नवे काढायचे कशाला, असा तो हिशोब. हॅना-बार्बेराचे ११४ भाग झाले होते. शेवटचा 'टॉट वॉचर्स' १९५८ मध्ये आला.

मग १९६१ मध्ये एमजीएमला पुन्हा भाग हवे झाले, तेही स्वस्तात. काम गेलं प्रागला. दिग्दर्शक जीन डाइच, निर्माते विल्यम स्नायडर. भागाला सुमारे १० हजार डॉलर. हॅना-बार्बेराच्या चांगल्या दिवसांतला खर्च याच्या कितीतरी पट होता. 'विचित्र आवाजाचे' ते हेच तेरा भाग. चाहत्यांत डाइच यांना शिव्या घालण्याची पद्धत आहे, आणि ती मला अन्यायाची वाटते. नुकताच 'मन्रो' या छोट्या चित्रपटाला ऑस्कर मिळवून आलेला माणूस होता तो. चेकोस्लोव्हाकियातल्या कलाकारांची परंपरा बाहुल्यांची, चित्रकथांची. अमेरिकन चोपाचोपीच्या कार्टूनांवर त्यांचा हात बसलेला नव्हता, आणि मूळ भाग त्यांना पाहायलाही फारसे मिळाले नव्हते. तेरा भाग सव्वा वर्षात. हॅना-बार्बेरांनी सरासरी वर्षाला सहा केले होते, तेही वर्षानुवर्षं एकत्र काम केलेल्या चमूसोबत.

काय बिघडलं ते मोजता येतं. हालचालीत झपाटा आहे पण आधीची ओढ नाही, त्यामुळे टॉम धावत नाही, तर एका जागेवरून दुसरीकडे फेकला जातो. आदळल्यावरचा थांबा नाही, म्हणून मार मोजता येत नाही. टॉड डॉकस्टेडर हे इलेक्ट्रॉनिक ध्वनीतले प्रयोगशील कलावंत, त्यांनी घुमणारे, लांबणारे आवाज दिले. ते स्वतंत्र ऐकायला सुंदर आहेत. पण तव्याचा 'टणण' जर विहिरीत पडल्यासारखा घुमत राहिला, तर तो समेवर येत नाही. शिवाय तीन भागांत टॉमला एक टकला, तापट मालक दिला. तो टॉमला बडवतो आणि रागाने लालबुंद होतो. मूळ भागांत टॉम मार खातो तो स्वतःच्या करणीने. सापळा त्याने लावलेला असतो. इथे तो नुसता मार खाणारा जनावर होतो. मुलांना हे भाग भीतीदायक का वाटतात, त्याचं उत्तर मला तिथेच सापडतं.

तरी 'द टॉम अँड जेरी कार्टून किट' (१९६२) जरूर पाहावा. त्यात टॉम अँड जेरीचा भाग घरी बनवायची पेटी विकायला काढली आहे: एक दुष्ट मांजर, एक गोड उंदीर, नाना तऱ्हेची हत्यारं, पेटीतली कॉफी आणि सिगारेट मात्र कार्टून काढणाऱ्यासाठी. आपल्याला काय काम दिलंय आणि किती पैशांत, हे त्या कलाकारांना पुरतं कळलेलं होतं.

१९६३ पासून दिग्दर्शक चक जोन्स. ते जिथे काम करत तो वॉर्नरचा कार्टून स्टुडिओ त्याच वर्षी बंद झाला होता आणि जोन्स यांच्यासोबत तिथले कसलेले हात आले. चार वर्षांत ३४ भाग. ओळखायची खूण सुरुवातीलाच: एमजीएमचा सिंह गर्जतो आणि त्याच्या जागी टॉम येऊन ओरडतो. टॉमला जाड भुवया आल्या, जेरीचे डोळे आणि कान मोठे झाले. रेघ नेटकी, मॉरिस नोबल यांच्या पार्श्वभूमी आजही भिंतीवर लावाव्यात अशा. मग कमी काय पडलं?

जोन्स पोझचे दिग्दर्शक. भुवई उचललेला टॉम, पापण्या मिटमिटवणारी जेरीची नजर, आणि त्या पोझवर लांब थांबा. एकट्या पात्रासाठी हे उत्तम चालतं. टॉम अँड जेरी मात्र एकाच वेळी दोघांचं असतं. एकाची हालचाल संपायच्या आत दुसऱ्याची सुरू व्हावी लागते. जोन्सकडे दोघं आळीपाळीने अभिनय करतात. पाठलाग निमित्तापुरता राहतो. जेरी गोड झाला की त्याची खोडी पोरकट होते, आणि खोडी पोरकट झाली की टॉमचा राग खोटा वाटतो. आपल्याला ही पात्रं नीट कळली नव्हती, हे जोन्स यांनी पुढे मोकळेपणाने मान्य केलं, याचं मला कौतुक वाटतं. शेवटाकडे पैसे आटले ते 'मॅटिनी माउस' (१९६६) मध्ये दिसतंच: हॅना-बार्बेराचे जुने तुकडे कापून जोडलेला भाग. भुवयांवाल्या टॉममध्ये मधूनच जुना टॉम उमटतो.

११४, १३ आणि ३४ मिळून थिएटरसाठीचे १६१ भाग. त्यापुढचं टीव्हीचं.

१९७५ ची टीव्ही मालिका हॅना-बार्बेरांच्याच कंपनीची. एका हंगामात सात-सात मिनिटांचे ४८ भाग. आकडे मांडून पाहा: ११४ भागांची जेमतेम सव्वातेरा तासांची फिल्म त्यांनी अठरा वर्षांत केली होती, इथे साडेपाच तासांहून जास्त एका हंगामात. टीव्हीवरच्या हिंसेवर पालकांच्या संघटनांचा दबाव होता, म्हणून मांजर-उंदीर मित्र झाले, सहलींना आणि स्पर्धांना जाऊ लागले. जेरीच्या गळ्यात लाल बो आला. हॅना-बार्बेराच्या टीव्हीवरच्या प्राण्यांना कॉलर, टाय असतात त्याचं कारण शोभा नाही. गळ्याशी पट्टी असली की धड एका सेलवर गोठवून ठेवता येतं आणि डोकं तेवढं वेगळ्या सेलवर हलवता येतं. जोड पट्टीखाली झाकला जातो. बोलणाऱ्या पात्राला हे पुरतं. पण टॉम आणि जेरी बोलत नाहीत, ते अख्ख्या अंगाने बोलतात. धड गोठवलं की त्यांची वाचाच गेली.

फिल्मेशन या कंपनीची १९८० ची मालिका, १९९० चं 'टॉम अँड जेरी किड्स', १९९२ च्या चित्रपटातले बोलणारे आणि गाणारे टॉम-जेरी यांवर मला फारसं म्हणायचं नाही. २००६ च्या 'टॉम अँड जेरी टेल्स'ने निदान सात मिनिटं आणि मुकेपणा परत आणला, म्हणून ती मुलांना दाखवायला हरकत नाही. २०१४ च्या मालिकेत संगणकावर सुट्या भागांच्या बाहुल्या वापरल्या आहेत. हात खांद्यातून फिरतो, पण मार लागल्यावर अंग चेपत नाही, आणि चेपल्याशिवाय तवा लागला हे कळायचं कसं?

जुने भाग पाहतानाही कुठली प्रत आहे ते तपासून घ्यावं. सुरुवातीच्या भागांत घरकाम करणारी कृष्णवर्णीय बाई आहे, आवाज लिलियन रँडॉल्फ यांचा. तिचं चित्रण वंशवादी साच्यातलं आहे आणि त्यावरचा आक्षेप रास्त आहे. १९६० च्या दशकात टीव्हीसाठी काही भागांत तिच्या जागी गोरी बाई काढली गेली, आवाज जून फोरे यांचा. काही ठिकाणी प्रसंगच कापले. कापलेल्या प्रतीत गॅग अर्धवट तुटतात आणि संगीत मध्येच उडी मारतं. मुलांसोबत बघायचं तर पूर्ण प्रत लावावी आणि त्या बाईबद्दल दोन शब्द बोलावेत, हे मला जास्त प्रामाणिक वाटतं.

२००५ मध्ये 'द कराटे गार्ड' आला. कल्पना आणि स्टोरीबोर्ड बार्बेरांचा, वय ९४. हॅना २००१ मध्येच गेले होते. भागात विनोद ओळखीचे आहेत, मांडणी सफाईची आहे, आणि तरी काही ठिकाणी फटका अर्धा ठोका उशिरा पडतो. कागदावर चित्रं काढणारा होता, फ्रेम मोजणारा नव्हता.

२०२१ च्या चित्रपटातही टॉमचा जुना आवाज वापरला. स्टुडिओच्या संग्रहातून हॅनांचं जुनं ध्वनिमुद्रण काढलं. संगणकावर बनवलेला टॉम खऱ्या माणसांच्या मध्ये, न्यूयॉर्कमधलं म्हणून दाखवलेल्या हॉटेलात आपटतो, आणि तोंडातून १९४० च्या दशकातली ती किंकाळी येते. किंकाळी अजून जशीच्या तशी ताजी आहे. तिच्या आधी टॉमने आपल्याकडे बघायचे ते आठ-दहा फ्रेम मात्र बरेचदा राहून जातात.